हळदीचा बेंजो आणि आवाज फाडण्याची पेटी

आधीच क्षमा मागून ठेवतो. ज्या माणसाने नोकरीची सारी वर्षे दुसऱ्याच्या सहीसाठी पत्रांचे मसुदे केले, त्याने निवृत्तीनंतर स्वतःच्या आठवणी लिहायला बसावे, आणि त्याही संगीतातल्या, हे मला स्वतःलाच आगाऊपणाचे वाटते. मी गायक नाही आणि वादकही नाही. शाळेत प्रार्थनेच्या वेळी बाईंनी मला ‘तू नुसते ओठ हलव’ असे सांगितले होते. ती सूचना मी इतकी मनावर घेतली की कॉलेजात राष्ट्रगीतालाही बरीच वर्षे ओठच हलवत असे. तरीही हे लिहितो आहे, कारण जे घडले ते माझ्या घरातल्या एका खोलीत घडले आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत तिथे बसलेले आम्ही दोघेच होतो. दुसऱ्याला लिहिण्याचा कंटाळा आहे. ‘तू लिही, मास्तर, मी टाइप करून देतो,’ एवढेच त्याचे म्हणणे.

तो दुसरा म्हणजे माझा कचेरीतला मित्र. फोर्टमधल्या एका विमा कचेरीत आम्ही एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसत होतो. मी मसुदा लिहायचा आणि त्याने तो टंकलिखित करायचा, असा क्रम. मी आयुष्यात कोणालाही काही शिकवलेले नाही; पण माझ्या नावापुढे एम.ए. लागते म्हणून त्याने पहिल्याच आठवड्यात मला ‘मास्तर’ केले ते आजतागायत. मी प्रभादेवीचा, तो लालबागचा. कचेरीत तो टंकलेखक होता आणि कचेरीबाहेर बेंजोवादक.

ज्यांनी बेंजो जवळून पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. लाकडी पेटीवर ताणलेल्या तारा आणि त्यांवर टाइपरायटरसारख्या कळा, असे ते वाद्य असते. डाव्या हाताने कळा दाबायच्या आणि उजव्या हाताने तारा छेडायच्या. लालबाग-परळमध्ये गणपतीचे आगमन असो, सत्यनारायण असो वा हळद, बेंजो हवाच. माझ्या मित्राची बोटे टाइपरायटर आणि बेंजो यांत फारसा भेद करत नसत. साध्या स्मरणपत्रालाही तो ठेका लावी आणि ‘आपला विश्वासू’ येथे अशी काही सम गाठी की माझ्या कपातला चहा हिंदकळे.

एके दिवशी सकाळी तो अचानक घरी आला. चेहरा असा की मला वाटले, प्रकृतीचे काहीतरी निघाले.

“मास्तर, पोरीचं लग्न ठरलं.”

“अरे वा! अभिनंदन!”

“अभिनंदन नंतर कर. वांधा झालाय.”

वांधा असा होता. हळदीच्या दिवशी मुलीच्या बापाने पाटावर बसायचे, पाहुण्यांचे करायचे, वडीलधाऱ्यांच्या पाया पडायचे. त्या दिवशी त्याने बेंजो हातात घ्यायचा नाही, असा त्याच्या पत्नीने हुकूम काढला होता. हुकूम योग्यच होता. पण ह्या गृहस्थाने चाळीतल्या आणि आसपासच्या जवळजवळ प्रत्येक मुलीची हळद वाजवलेली.

“सगळ्या लालबागच्या हळदी मी वाजवल्या,” तो म्हणाला, “आणि घरच्या हळदीला मी सुपारीच्या गणपतीसारखा पाटावर बसू? बरं, दुसरी बेंजो पार्टी बोलावतो म्हटलं, तर पोरगी अडून बसली. म्हणते, बाबांचा बेंजो नसेल तर काहीच वाजवायचं नाही. मुकी हळद! अरे, लालबागमध्ये मुकी हळद झाली तर लोक विचारायला येतील, घरात कोण गेलं म्हणून.”

मी सहानुभूतीने मान हलवली. तेवढ्यात त्याने माझ्या टेबलावरच्या संगणकाकडे बोट केले.

“तू तो संगीताचा क्लास केलास ना? माझा बेंजो ह्याच्यात भरून दे. मी पाटावर बसेन, बेंजो वाजत राहील. बायको खूश, पोरगी खूश.”

मी हो म्हणालो. नाही म्हणण्याची मला सवय नाही. हो म्हणण्याचीही नाही, पण ते त्या मानाने लवकर उरकते. खरे म्हणजे मी घाबरलो होतो. निवृत्तीनंतर मी दादरला एका क्लासमध्ये संगीताचे सॉफ्टवेअर शिकलो होतो हे खरे. पण तिथले बाकीचे सगळे विद्यार्थी माझ्या मुलांपेक्षाही लहान. मी शेवटच्या खुर्चीवर बसे, सगळे टिपून घेई आणि प्रश्न एकही विचारत नसे. शिक्षकांच्या सगळ्या सूचनांपैकी एकच मला पूर्णपणे कळली होती आणि पटलीही होती. आवाज भरताना पडद्यावरची पट्टी लाल झाली की आवाज हद्दीबाहेर गेला, बिघडला. ताबडतोब मागे यायचे. मर्यादेत राहावे, असे सांगणारी विद्या मला पहिल्यांदाच भेटली होती. त्या एका नियमावर मी प्रथम श्रेणी मिळवली असती.

आम्ही कामाला लागलो. बेंजो जुन्या चादरीत गुंडाळून, टॅक्सीच्या मागच्या सीटवर मांडीवर घेऊन तो आला. संगणक आणि बाहेरची वाद्ये यांच्यामध्ये एक छोटी पेटी बसवावी लागते, तिला इंटरफेस म्हणतात. बेंजोची वायर मी तिच्यात जोडली. ढोलकी मी आधीच सॉफ्टवेअरमध्ये, एकेक ठोका माऊसने ठेवून, तयार केली होती. माझी ती पहिलीच निर्मिती असल्याने त्याला ती मी थोड्या अभिमानाने ऐकवली.

तो डोळे मिटून ऐकत राहिला. “ढोलकीवाला सरकारी नोकर आहे का रे?” त्याने विचारले. “बरोबर दहाला येतो, बरोबर साडेपाचला उठतो.”

मी काही ठोके थोडे पुढेमागे केले. मग तो वाजवायला बसला आणि त्याने खरोखर सुरेख वाजवले. पट्टी एकदाही लाल झाली नाही. मी तृप्त होतो. माझ्या पत्नीने स्वयंपाकघरातून ‘झालं का? पोहे निवताहेत’ असे विचारले, तेही दोन गाण्यांच्या मधल्या शांततेत. इतके सगळे जुळून आले होते.

त्या रविवारी लालबागला त्याच्या घरी आम्ही ते ऐकवले. त्याची पत्नी मालवणकडची; बोलणे रोखठोक, पण मला ‘भावोजी’ म्हणून फार जपते. मुलगीही होती. मी मोबाइल छोट्या स्पीकरला जोडला आणि खाली मान घालून बसलो. पहिले गाणे अर्ध्यावर आले तशी वहिनींनी चहाचा कप खाली ठेवला.

“भावोजी, राग मानू नकात हां. पण ह्यो आमचो बेंजो नाय. कोणीतरी मोरीत चमचे धुता.”

मुलगी हसू दाबत म्हणाली, “आई, काय गं! काका, छान आहे. म्हणजे... स्वच्छ आहे.”

स्वच्छ! हळदीच्या बेंजोला इतके जिव्हारी लागेल असे विशेषण दुसरे नसावे. माझ्या मित्राने बिचाऱ्याने आपल्या बोटांकडे पाहिले. दोष आपल्या हातांचा असावा असे त्याला वाटले, हे मला दिसले आणि फार वाईट वाटले. कारण हात अगदी पूर्वीसारखेच चालले होते.

परतताना तो मला कोपऱ्यापर्यंत सोडायला आला. मी धीर करून विचारले, “अरे, पूर्वी तुझा बेंजो कशातून ऐकू यायचा?”

“कशातून म्हणजे? बेंजोतून.”

“तसं नव्हे. मिरवणुकीत बेंजो एवढ्या गर्दीला ऐकू कसा जाई?”

मग त्याने सांगितले. हातगाडी असे, तिच्यावर बॅटरी, एक जुनाट ॲम्प्लिफायर आणि वर दोन भोंगे. ॲम्प्लिफायर इतका तापे की कोणीतरी त्याला पंखा धरे. पूर्ण ताकदीवर लावल्याशिवाय तो गल्लीच्या टोकापर्यंत पोचत नसे, आणि पूर्ण ताकदीवर लावला की आवाज फाटे. बेंजोचा एकेक सूर फाटून, पसरून, दहा सुरांचा झाल्यासारखा भोंग्यातून बाहेर पडे. पुढे पार्टीने नवे मोठे स्पीकर घेतले, आणि तो ॲम्प्लिफायर भंगारात गेला.

“तोच तो आवाज,” मी म्हणालो. “वहिनींच्या कानात तो बसलाय. तुझ्याही.”

तो थांबलाच. “म्हणजे एवढी वर्षं अर्धं मी वाजवत होतो आणि अर्धं ती हातगाडी?”

“तसं म्हणता येईल.”

“आणि बिदागी सगळी मीच घेतली!” तो म्हणाला आणि रस्त्यातच मोठ्याने हसला. त्याच्या बोटांवरचे ओझे उतरले ते तिथे.

आता प्रश्न आवाज फाडण्याचा होता. सॉफ्टवेअरमध्ये त्याची सोय असते. पडद्यावर एखाद्या जुन्या ॲम्प्लिफायरचे चित्र येते, त्याच्या कळा माऊसने फिरवायच्या. मी एक संपूर्ण दुपार त्या कळा फिरवल्या. जाणकार लोक त्यातून उत्तम परिणाम साधतात असे ऐकतो. माझा हात कमी पडला असेल. माझ्या मित्राने ऐकले आणि मान हलवली.

“मास्तर, हा फाटलेला नाही. हा फाटल्याची ॲक्टिंग करतोय.”

क्लासमध्ये एकदा शिक्षकांनी ओझरता उल्लेख केला होता, की काही लोक आवाज संगणकातून बाहेर काढतात, खऱ्याखुऱ्या यंत्रातून फाडून घेतात आणि पुन्हा संगणकात परत आणतात. मी ते टिपून घेतले होते, अर्थातच काही न विचारता. आता तीच वाट राहिली. मी लॅमिंग्टन रोडला गेलो. दुकानदार पन्नाशीचा, हसतमुख. माझ्याकडे आणि माझ्या इस्त्रीच्या शर्टाकडे आळीपाळीने पाहत त्याने विचारले, “बोला साहेब, टीव्हीची वायर?”

“नाही. मला... आवाज फाडायचं काही मिळेल का?”

“डिस्टॉर्शन? तुम्हाला?”

“हो. मला.”

“साहेब, हे मागायला केस वाढवलेली पोरं येतात. शर्ट खोचून कोणी आलं नव्हतं.” पण त्याने मनापासून मदत केली. जुन्या रेडिओत असे तसा काचेचा व्हॉल्व्ह असलेली, लोखंडी, जेवणाच्या डब्यापेक्षा थोडी मोठी पेटी त्याने काढून दिली. दोन मोठे नॉब, एक लहानसा दिवा. ‘वाजवून दाखवू का?’ असे तो म्हणाला तेव्हा दुकानात आणखी गिऱ्हाइके होती, म्हणून मी संकोचाने नको म्हटले. तेवढा संकोच केला नसता तर पुढचा प्रकार टळला असता.

घरी पत्नीने पेटी पाहिली. “हे काय करतं?”

“आवाज फाडतं.”

“अहो, चांगला आवाज फाडायला यंत्र आणलंत? फाटलेलं शिवायचं मशीन होतं ते मात्र अडगळ म्हणून देऊन टाकलंत.”

मी पेटी उचलून संगणकाच्या टेबलावर नेली.

दुसऱ्या दिवशी मित्र आला. मी इंटरफेसमधून एक केबल पेटीत नेली आणि पेटीतून दुसरी केबल इंटरफेसमध्ये परत आणली. आता भरलेला बेंजो संगणकातून बाहेर पडणार, पेटीतून फिरणार आणि नव्या ट्रॅकवर, म्हणजे पडद्यावरच्या नव्या पट्ट्यात, येऊन बसणार. पेटी सुरू करताच एक बारीक घुमारा आला. “आला, हातगाडीचा वास आला!” मित्र आनंदाने म्हणाला. मी बेंजो सोडला. पहिल्याच जोरदार सुराला पेटीवरचा दिवा लाल झाला.

आम्ही दोघे एकदम पुढे झुकलो, आणि दोघांचेही हात एकाच नॉबकडे गेले.

हे समजायला आमच्या कचेरीची ओळख हवी. तिथे लाल रंगाला एकच अर्थ होता. लाल शाई फक्त वरच्या साहेबांच्या पेनात असे. मसुदा लाल होऊन परतला की मी तो पुन्हा लिहायचा आणि त्याने तो पुन्हा टंकायचा. आमचा सगळा संसार लाल टाळण्यावर चालला. त्यात माझ्या क्लासचा तो नियम. संगणकात तो शंभर टक्के खरा आहे. पण पेटी म्हणजे संगणक नव्हे, हे मला कोणी सांगितले नव्हते, कारण मी कोणाला विचारले नव्हते. त्यामुळे दिवा लुकलुकला की मी नॉब मागे घ्यायचो. तरीही चुकून पेटला की तो म्हणायचा, “अजून एक लाल ओळ शिल्लक आहे बघ, तीही काढ.” शेवटी दिवा एकदाही लागणार नाही अशा जागी आम्ही नॉब आणला आणि एकमेकांकडे समाधानाने पाहिले. फाइल मंजूर झाल्यासारखे वाटले.

लालबागला वहिनींनी ते ऐकले. “बरां झाला,” त्या म्हणाल्या. “आधी चमचे स्टीलचे होते. आता पितळेचे झाले.”

मुलगी ह्या वेळी हसली नाही. हळद आठवड्यावर आली होती. ती हलकेच म्हणाली, “बाबा, राहू दे. तुम्ही दोघांनी एवढं केलंत ना, पुष्कळ झालं. आपण शांतच करू हळद.” तिने हे आम्हाला बरे वाटावे म्हणून म्हटले, आणि त्यामुळे आम्हाला अधिकच वाईट वाटले. मित्राने स्पीकरची वायर काढून गुंडाळायला घेतली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो प्रभादेवीला आला तो बेंजो परत न्यायला. चादर पसरून तो वाद्य गुंडाळू लागला.

“एकदा शेवटचं ऐकून जा,” मी म्हणालो. वास्तविक नवे काही नव्हते. केवळ त्याला तसे पाठवणे जिवावर आले होते. घाईघाईत मी जोडणी पुन्हा केली, आणि त्या घाईत एक घोटाळा केला. पेटीतून परत आलेला आवाज मी नकळत पुन्हा पेटीकडेच पाठवला. आवाज पेटीतून आला, पेटीत गेला, पुन्हा आला, पुन्हा गेला, आणि प्रत्येक फेरीत वाढत गेला. क्षणात खोलीत अशी किंकाळी उठली की खिडकीवरची कबुतरे उडाली.

“बंद कर! बंद कर!” मित्र ओरडला.

मी हाताला लागेल ते फिरवले. दोन्ही नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. पत्नी स्वयंपाकघरातून झारा हातात घेऊनच धावत आली. “अहो, कोणाला भाजलं?” शेवटी मला पडद्यावरचा तो ट्रॅक दिसला, मी तो गप्प केला आणि किंकाळी थांबली. जोडणी सुधारली. पण ओशाळलो होतो इतका की नॉब कुठे आहेत हे पाहायचेच राहून गेले. मी नुसता बेंजो सुरू केला.

दिवा लाल झाला. लुकलुकला नाही, पेटला आणि पेटलेलाच राहिला. बेंजोचा पहिला सूर आला तो फाटून, पसरून, गरम होऊन. वाटले, खोलीची भिंत मागे सरकली आणि तिथे गल्ली आली. माझा हात सवयीने नॉबकडे गेला.

“हात लावू नकोस!” मित्राने माझे मनगट धरले. “मास्तर, तुला आईची शपथ. हात लावू नकोस.”

“अरे, पण लाल...”

“असू दे लाल! आपल्याला कुठे सही घ्यायचीय?”

पत्नी दारात झारा घेऊन उभी होती. ती थोडा वेळ ऐकत राहिली आणि म्हणाली, “हां, आता हळद असल्यासारखं वाटतंय.” आणि कांदा करपतो म्हणून परत गेली.

पेटीचे कामच मुळी तो दिवा पेटल्यावर सुरू होते, हे आम्हाला तेव्हा कळले. तिला पुरेसा जोर दिल्याशिवाय ती काहीच करत नाही. आम्ही आजवर तिला इतक्या अदबीने आवाज देत होतो की तिला काही म्हणायची वेळच आली नव्हती. संगणकात परतताना मात्र हद्द सांभाळायची. म्हणजे आत जाताना लाल आणि बाहेर येताना हिरवा. हे दोन नियम एकाच टेबलावर शेजारी शेजारी नांदू शकतात, हे पचायला मला अजून थोडा वेळ लागतो आहे.

पुढची अडचण लहान होती. पेटीची फेरी करून येणारा बेंजो ढोलकीच्या मागे किंचित रेंगाळत होता. जायला-यायला लागणारा वेळच तो. “उशिरा येतोय, पण येतोय,” मित्र म्हणाला, “लेट मार्क लाव.” सॉफ्टवेअर स्वतःच एक टिचकीसारखा आवाज पेटीतून पाठवून तो वेळ मोजते आणि भरून काढते, हे मी ह्या वेळी क्लासच्या शिक्षकांना फोन करून विचारले. माझा पहिला प्रश्न! ते इतके खूश झाले की त्यांनी न विचारलेल्या आणखी तीन गोष्टी सांगितल्या.

अशा खऱ्या यंत्रातून काम करताना आणखी एक गंमत असते. संगणक एरवी गाणे डोळ्याचे पाते लवते न लवते तोच तयार करून देतो. पेटीला ती घाई जमत नाही. गाणे जेवढे लांब, तेवढा वेळ ते तिच्यातून वाहू द्यावे लागते, आणि आपण बसून ऐकण्यापलीकडे काही करू शकत नाही. त्या दुपारी आम्ही सगळी गाणी तशी एकेक करून पेटीतून काढली. मित्र जमिनीवर मांडी घालून, दिव्याकडे पाहत बसला होता. एका गाण्यात त्याचा एक सूर चुकला होता. आधीच्या स्वच्छ भरणीत तो खटकत होता, म्हणून काढून टाकू का असे मी विचारले.

“राहू दे. तो मी नेहमीच चुकतो. तो नसला तर लोकांना वाटेल दुसरा कोणी बसलाय.”

हळदीच्या संध्याकाळी चाळीच्या पटांगणात मांडव होता. मी माझा लॅपटॉप घेऊन स्पीकरवाल्याच्या शेजारी, भिंतीला लागून उभा राहिलो. माझ्या स्वभावाला भिंत मानवते. वहिनी लगबगीत होत्या. मुलीला पाटावर बसवले होते, शेजारी तिचा बाप. नवा सदरा, कपाळाला हळद, हात मांडीवर आणि जीव माझ्याकडे. वहिनींनी खूण केली. मी गाणे सुरू केले.

बेंजोची पहिली ओळ मांडवात पसरली तशा वरच्या गॅलरीतल्या एक आजी कठड्यावरून वाकल्या. “खंय बसलो तो? दिसना नाय!” खाली कोणीतरी हातगाडी शोधत मांडवाबाहेर जाऊन आले. मग एकाने पाटाकडे बोट दाखवले. “अरे, हा इकडे बसलाय! मग वाजवतोय कोण?”

“तेच वाजवतायत!” मुलगी हसत हसत ओरडली. “माझे बाबाच वाजवतायत!” आणि हसताना तिचे डोळे वाहू लागले, तशी हळदीची एक रेघ गालावरून खाली आली. वहिनी कामे टाकून उभ्या होत्या. त्यांनी भिंतीकडे, म्हणजे माझ्याकडे, पाहिले आणि मान डोलावली. चमचे नव्हते. एवढी मोठी पावती मला कचेरीने कधी दिली नव्हती.

तेवढ्यात स्पीकरवाला माझ्याकडे वळला. “काका, आवाज फाटतोय. कमी करतो जरा.”

“नको,” मी म्हणालो. आणि त्याला ऐकू गेले नसावे असे वाटून पुन्हा, इतक्या मोठ्याने की पुढच्या रांगेतल्या बायकांनी वळून पाहिले, “नको! तो तसाच आहे!”

दुसरे गाणे सुरू झाले तशा बायका नाचू लागल्या, मग मुले आणि मग सगळेच. मुलगी पाटावरून उठली आणि तिने बापाचा हात ओढला.

“बाबा, चला.”

“अगं, मला नाचता येत नाही.”

“कोणाला येतंय इथे? चला!”

त्याने बायकोकडे पाहिले. एवढा हुकूम मोडायचा तर परवानगी हवी. वहिनी म्हणाल्या, “जावा! आज हात मोकळे आसत तुमचे.”

तो उठला. सुरुवातीला त्याला पायांचे काय करावे ते कळेना. डाव्या हाताची बोटे मात्र हवेतच कळा दाबत होती. हळूहळू तीही थांबली. नेहमीचा तो चुकलेला सूर आला तेव्हा तो स्वतःच ‘ओय!’ करून गिरकी घेताना अडखळला आणि मुलीने त्याला सावरले. गाणे संपल्यावर तो घामाने निथळत माझ्याकडे आला, माझ्या इस्त्रीच्या शर्टावर हळदीचे दोन्ही हात उमटवले आणि धापा टाकत म्हणाला, “मास्तर, एवढी वर्षं मी वाजवतोय. ह्याच्यावर नाचायला इतकी मजा येते, हे मला कोणी सांगितलंच नाही रे!”

आणि तो परत गेला, तिसऱ्या गाण्यासाठी. मी तिथेच उभा राहिलो आणि आठवू लागलो. कचेरीतल्या स्नेहसंमेलनात, गणपतीत, इतरांच्या लग्नांत मी त्याला असंख्य वेळा पाहिले होते, आणि प्रत्येक वेळी तो बेंजोच्या मागे बसलेला होता. नाचताना एकदाही नाही. माझ्या ते कधी लक्षातही आले नव्हते.

तुमच्या घरच्या कार्यात जो वाजवतो, त्याला तुम्ही कधी नाचताना पाहिले आहे का?